पट्टीवरचं गंध

आमच्या कारखान्याच्या गेटवर एक बोर्ड आहे. 'अपघाताविना दिवस' असं त्यावर तीन भाषांत लिहिलंय आणि खाली आकड्यांच्या पाट्या अडकवायला खिळे आहेत. रोज सकाळी वॉचमन शेवटची पाटी बदलतो. मला त्या बोर्डाचा जेवढा राग येतो तेवढा कुठल्याही माणसाचा येत नाही, आणि माणसांचा मला भरपूर येतो. बोर्डावरचा आकडा वाढत राहावा म्हणून कापलेलं बोट कागदावर 'खरचटलं' होतं. भाजलेला हात 'घरी तेल उडालं' होतो. ज्याला लागलं त्याला दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून कामावर आणतात आणि खुर्चीवर नुसतं बसवून ठेवतात, म्हणजे रजा पडत नाही, म्हणजे तो अपघात धरायचा नाही. आणि वर त्याच बोर्डाखाली उभं राहून लाडू वाटतात.

मी या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. चेन्नईजवळ ओरगडमला मोटारींच्या मोठ्या कंपन्या आहेत आणि त्यांना लागणारे पत्र्याचे बारीकसारीक भाग बनवणारे आमच्यासारखे कारखाने त्यांच्या आसपास आहेत. माझं माहेर सांगलीचं. नवऱ्याची आयटीतली नोकरी आम्हाला चेन्नईला घेऊन आली, राहायला तांबरमला. इंजिनियरिंगनंतर मी दोन वर्षं सार्वजनिक आरोग्य शिकले, त्यातही माणसांना होणाऱ्या इजा आणि मारहाण कशी थोपवायची हा विषय. घरच्यांना हे कधी नीट कळलं नाही. माझी आई शेजारणींना सांगायची, पोरगी डॉक्टरकीसारखं काहीतरी करते.

खरं तर गोष्ट अगदी साधी आहे. पाऊस झाला की तांबरमला कॉर्पोरेशनची माणसं घरोघर फिरतात आणि कुंड्यांखालच्या ताटल्या, नारळाच्या करवंट्या उपड्या करतात. डेंग्यू झालेल्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, तू डास का चावून घेतलास? पाणी कुठे साचलंय ते शोधतात. इजेचंही तेच. आधी मोजा, मग कुठे, केव्हा, कशाने झालं ते बघा, मग ती वस्तू बदला. माणसाला उपदेश सगळ्यात शेवटी, आणि नाही केलात तरी चालेल. पण आमच्या शॉपफ्लोअरवरचं पोस्टर काय म्हणतं? 'सावध राहा, घरी कोणीतरी तुमची वाट पाहतंय.' म्हणजे बोट गेलं तर गेलंच, वर वाट पाहणाऱ्यांचाही गुन्हा तुमच्याच माथी. वा रे वा.

शॉपमध्ये चौदा पॉवर प्रेस आहेत. प्रत्येकीवर एक बाई. पत्रा डायवर, म्हणजे साच्यावर ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरचा जड भाग धाडकन खाली येतो, भाग तयार. हात आत असताना तो भाग खाली येऊ नये म्हणून प्रेसच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना एकेक उभी पिवळी पट्टी असते. या पट्टीतून त्या पट्टीकडे न दिसणारे किरण जातात. हात मध्ये आला की किरण तुटतात आणि मशीन जागच्या जागी थांबतं. त्या पट्ट्यांसाठी मी दीड वर्ष भांडले होते. पट्टी बिघडली तर दुरुस्तीपुरती ती बंद करायला एक किल्ली असते. ती किल्ली माझ्या कपाटात राहायला हवी होती. पण ती मशीनलाच लाल दोऱ्याने लटकलेली असायची. मी त्याबद्दल एकदा लेखी कळवलं होतं आणि उत्तर आलं होतं, 'नोंद घेतली.' त्यावर मी गप्प बसले. हेही इथे लिहून ठेवते.

मग आयुधपूजा आली. आपल्याकडच्या खंडेनवमीचाच हा दिवस. माझे वडील सांगलीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. त्या दिवशी ते लेथ धुवून पुसून हळदकुंकू वाहायचे, झेंडूचा हार घालायचे, आणि आम्हा मुलांना तेवढा एकच दिवस मशीनला हात लावू द्यायचे. इथे तर सगळा कारखाना नटतो. केळीचे खुंट, चुरमुरे, चण्याची उसळ, कुंकू भरलेला कोहळा गेटवर फोडतात. हार आठ नंबरच्या प्रेसवरच्या बाईने गुंफले होते. तिशीची, बारीक चणीची, कंत्राटी कामगार. घरी एक मुलगी शाळेत जाणारी आणि नवरा नाही. सुट्टीच्या दिवशी ती पडप्पैच्या बसस्टँडवर मोगऱ्याचे गजरे विकायची आणि बोलता बोलता न बघता गाठ मारायची. चौदा प्रेसचे चौदा हार तिने एका सकाळी केले.

आणि गंध लावायला बायकांनी ताट माझ्यापुढे धरलं. ऑफिसरांमध्ये बाई मी एकटीच. मी चंदनात घरून आणलेली हळद कालवली, आमच्याकडे लावतात तशी, आणि निघाले. प्रेसच्या अंगावर तेलाचा थर, त्याच्यावर गंध टिकेना, घसरून खाली यायचं. शेजारी ती पिवळी पट्टी, कोरडी, स्वच्छ. मला वाटलं, अरे, पूजा करायची तर हिचीच. हिच्यामुळे तर हात वाचतात. अनामिकेने चांगला ठसठशीत ठिपका लावला, त्यावर कुंकू. चौदाच्या चौदा प्रेसना. कोणीतरी फोटो काढला. त्या फोटोत मी हसतेय.

पट्टीची समोरची काच झाकली तर किरण जात नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्या बायकांना तेच शिकवते. तेलाचा हात लावू नका, स्टिकर चिकटवू नका. पण गंध म्हणजे काही झाकणं नव्हे ना. गंध म्हणजे गंध.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि कारखाना उघडला तेव्हा गंध वाळून खपली झालं होतं. पट्ट्यांचा लाल दिवा जाईना, प्रेस चालू होईनात. बाहेर ट्रक उभा. सुपरवायझरने कापडाने थोडं घासलं, चार-पाच प्रेस सुरू झाल्या. बाकीच्यांच्या काचेवर हळदीचा चिकट पापुद्रा राहिला. तेव्हा त्याने सरळ लाल दोऱ्याची किल्ली फिरवली. पट्टी बंद, काम चालू. मी त्या वेळी कुठे होते? वर ऑफिसात. अपघाताविना दिवसांबद्दल आम्हाला बक्षीस मिळायचं होतं, त्याचं प्रेझेंटेशन करत होते. तीन दिवस मी शॉपमध्ये पाऊल टाकलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या चहानंतर आठ नंबरवर डायमध्ये पत्रा तिरका बसला. तो सरळ करायला तिने उजवा हात आत घातला आणि पाय पेडलवर पडला. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही दुसऱ्या पेरापासून गेली. मी खाली पोचले तेव्हा ती जमिनीवर बसली होती, साडीच्या पदरात हात गुंडाळलेला. गाडीत मी तिचं मनगट वर धरून बसले. ती एवढंच विचारत होती की मुलीची शाळा साडेतीनला सुटते, तिला कोण आणेल.

हॉस्पिटलमधून परत आले ती थेट आठ नंबरवर गेले. किल्ली फिरवलेली. पट्टीच्या खालच्या कोपऱ्यात, स्क्रूजवळ, घासायचं राहिलेलं गंध. पिवळंधमक. चंदन एवढं पिवळं नसतं, ती माझी हळद होती. मग मी बाकीच्या तेरा प्रेस पाहिल्या. आठ नंबर धरून नऊ प्रेसच्या किल्ल्या फिरवलेल्या होत्या आणि उरलेल्या आठांवर बायका त्या क्षणीही काम करत होत्या. मी एकेक बंद केली, किल्ल्या काढल्या, दोऱ्यासकट पर्समध्ये टाकल्या. सुपरवायझर मागून सांगत होता की साहेबांना विचारा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी म्हटलं, तूच विचार, आणि विचारून येईपर्यंत स्पिरिट आणि कापड घेऊन ये.

आमचे प्लँटचे साहेब पुण्याकडचे. चांगले शिकलेले, गोड बोलणारे, दिवाळीला चकली पाठवणारे. अपघाताचा सरकारी फॉर्म भरून कारखाना निरीक्षकाकडे पाठवायचा असतो. त्यात कारणाचा एक रकाना असतो आणि तो मी भरायचा असतो. साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि रकान्यात काय लिहायचं ते सांगितलं. ऑपरेटरने घाई करून स्वतःच किल्ली फिरवली, सूचना देऊनही हात आत घातला. कामगाराचा निष्काळजीपणा. असं लिहिलं की कंत्राटदार तिला काढणार, आणि त्या भागात दुसरा कुठला कारखाना तिला दारात उभं करणार नाही. बोटं गेलेली आणि वर निष्काळजी असा शिक्का. शिवाय चौकशी तिथेच संपणार, आणि आठ दिवसांनी कुठल्या तरी प्रेसवर कोणीतरी पुन्हा किल्ली फिरवणार. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते दुसरं काय असतं? मी म्हटलं, किल्ली सुपरवायझरने फिरवली, सगळ्या बायकांनी पाहिलंय.

साहेबांनी दार लावून घेतलं. "मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण आपली माणसं आहोत, परक्या मुलखात एकमेकांना सांभाळायचं."

"मूठ? साहेब, तिला आता मूठ वळता येणार नाही," मी म्हटलं.

त्यांना म्हणीचा अर्थ उमगायला दोन क्षण लागले असावेत. पण माणूस खमका. ते उठले, बाहेरच्या नोटीस बोर्डावरून आयुधपूजेचा फोटो काढून घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "खरं लिहायचंय ना? मग पहिल्यापासून लिहा. पट्टीवर गंध कोणी लावलं?"

मी फोटोकडे पाहिलं. माझं अनामिकेचं टोक पट्टीवर, मान किंचित वाकडी, आणि ते हसू. साहेब सावकाश सांगत होते की सेफ्टी ऑफिसरनेच सेन्सर बंद पाडला असं बाहेर गेलं तर मला पुढे कुठे काम मिळेल याचा मी विचार करावा. उद्या सकाळपर्यंत वेळ आहे. बाईंना बिचाऱ्यांना काहीतरी मदत आपण करूच.

बसमध्ये मी साहेबांना मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या ते लिहिण्यासारखं नाही. पण तांबरम येईपर्यंत माझं मलाच उमगलं की मी घाबरलेय. आणि तो रकाना कसा भरला तर दोघींचंही निभावेल, याची जुळवाजुळव मी केव्हाच सुरू केली होती. 'सेन्सरमधील तांत्रिक बिघाड.' किती सुंदर वाक्य. त्यात ती नाही, मी नाही, सुपरवायझर नाही. त्यात गंध नाही आणि किल्लीही नाही. म्हणजे पुढच्या वेळी काय बदलायचं तेही कोणाला कळणार नाही. शिकले होते मी, हे असं लिहायला शिकले होते.

आमच्या घरमालकीणबाई खाली राहतात. त्यांचे पूर्वज तंजावरचे मराठे. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, हेल तमिळ, मध्येच एखादा अख्खा तमिळ वाक्प्रचार. सगळे त्यांना मामी म्हणतात, मीही. संध्याकाळी त्या पायरीवर घेवड्याच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. माझं तोंड बघून त्यांनी बसायला सांगितलं आणि मी सगळं ओकून टाकलं. शेवटी माझं ते तांत्रिक बिघाडाचं वाक्यही सांगितलं. मला वाटलं, शहाणपणा केलास म्हणतील.

मामी एका मोठ्या हॉस्पिटलात अपघात विभागाच्या क्लार्क होत्या, हे मला माहीत होतं. तिथे त्या काय करायच्या हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या शेंगा निवडता निवडता सांगू लागल्या. कोणी जखमी आलं की रजिस्टरात नाव, पत्ता आणि कारण त्या लिहीत. भाजलेली बाई आली की सोबतचा नवरा नाहीतर सासू सांगणार, स्टोव्ह भडकला. हात मोडलेली आली की न्हाणीघरात पाय घसरला. एकच पत्ता एकाच वर्षात तीनदा यायचा. पाय, मग बरगडी, मग स्टोव्ह. मामींना पत्ता पाठ व्हायचा. पण रजिस्टरात तीन वेगळ्या ओळी, तीन वेगळ्या पानांवर. वर्षाअखेर बेरीज व्हायची ती घसरण्याची आणि स्टोव्हची. मग सरकार स्टोव्हबद्दल पत्रकं छापायचं.

"ते सांगत गेले तें मी लिहीत गेलें," मामी म्हणाल्या. "ती तिसऱ्यांदा आली तेव्हां जिवंत नव्हती. तूं लिहूं नको."

एवढं बोलून त्या शेंगांची सालं गोळा करून आत गेल्या. त्यांना माझी दया आली नव्हती, आणि मला तेव्हा दयाच हवी होती. मला मामींचाही राग आला.

सकाळी मी फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात जागा पुरेना म्हणून जोडपत्र लावलं. आयुधपूजेच्या दिवशी सुरक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे मी, चौदा प्रेसच्या सुरक्षापट्ट्यांवर हळदमिश्रित गंध लावलं. त्यामुळे पट्ट्यांनी मशीन चालू होऊ दिलं नाही, म्हणजे पट्ट्यांनी आपलं काम चोख केलं. त्यानंतर सुपरवायझरने नऊ प्रेसच्या पट्ट्या किल्लीने बंद केल्या. किल्ल्या मशीनवरच ठेवण्याची पद्धत होती आणि ती मला आणि व्यवस्थापनाला माहीत होती. ऑपरेटरची चूक नाही. खाली पूर्ण नाव, सही. एक प्रत निरीक्षकाकडे आधी पाठवली आणि मग दुसरी साहेबांच्या टेबलावर ठेवली. तो फोटोही जोडला. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले की मी मूर्ख आहे. असेन. जाता जाता मी गेटवर गेले आणि वॉचमनला त्या बोर्डावर तीन शून्यं लावायला लावली. शून्याच्या पाट्या दोनच होत्या. तिसरी शेवटी नऊशे नव्याण्णवच्या पुढे कधीतरी लागतील म्हणून घेतलेल्या पाट्यांच्या बंद पुडक्यात सापडली.

साहेबांनी मला काढलं नाही. काढलं असतं तर ते जोडपत्र आणखी मोठ्याने बोललं असतं. निरीक्षक आले, किल्ल्या कपाटात गेल्या, सुपरवायझरची बदली झाली, बक्षीस दुसऱ्या कारखान्याला मिळालं. तिची नोकरी राहिली, हात बरा झाल्यावर तिला तपासणीच्या टेबलावर घ्यायचं ठरलं.

हे सांगायला मी हॉस्पिटलात गेले. खोटं कशाला बोलू, छाती फुगवून गेले. स्वतःचं नाव लिहिलं होतं मी, असं कोण करतं? ती पलंगावर बसून डाव्या हाताने कॉफी पीत होती. उजवा हात उशीवर, बँडेजचा गोळा. मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. गंध माझं होतं हेही सांगितलं, आणि आता ती रडेल, चिडेल किंवा हात धरेल म्हणून थांबले.

"अक्का, तुम्ही गंध लावलंत तेव्हा मी शेजारीच ताट धरून उभी होते," ती म्हणाली. "पट्टीवर काही लावायचं नाही हे तुम्हीच शिकवलं होतं. मला वाटलं सांगावं. मग वाटलं, सेफ्टीच्या मॅडमच लावताहेत, म्हणजे चालत असेल."

तिच्या आवाजात राग नव्हता, मला लागावं असंही काही नव्हतं. मग ती मुलीच्या शाळेबद्दल काहीतरी बोलू लागली. मी ऐकल्यासारखं केलं.

मला अजून राग येतो. साहेबांचा येतो, त्या पोस्टरांचा येतो, बोर्डाचा येतो. पण ताट धरून उभ्या असलेल्या बाईला तोंड उघडू न देणारी जी 'मॅडम' होती, तिचा सगळ्यात जास्त येतो. तिला मी कुठल्या रकान्यात लिहू?

आता दर सोमवारी सकाळी मी चौदाही प्रेसच्या पट्ट्या पुसते. मग मशीन चालू करून एक काळी तपासणीची काठी मध्ये घालते आणि ते थांबतं का पाहते. ती तिच्या टेबलावरून बघत असते. मी पुढच्या प्रेसकडे सरकले की ती उठते, डाव्या हातात तसलीच दुसरी काठी घेते आणि मी तपासलेली प्रेस पुन्हा तपासते. नव्या सुपरवायझरने एकदा तिला हटकलं, मॅडमनी बघितलंय ना, तू कशाला? तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी त्याला म्हटलं, बघू दे तिला.